कोडी

मंगळवारी मी लिलावाला जात नाही.
हर्णैचा बाजार माझ्यावाचून भरतो,
सरंग्याचा भाव कुणीतरी दुसरंच पाडून घेतं.
मी हेमकांतला उठवते.
उठवते म्हणजे उपसते,
चौदा तासांच्या झोपेच्या गाळातून
आधी एक हात, मग दुसरा.
उशीवरचा टॉवेल ओलाकिच्च. रात्रभर लाळ गळते,
गोळीच्या कागदावर तसं लिहिलंय.
तो मी दोरीवर टाकते, बोंबलांच्या शेजारी.

सात वर्षं.
एका गोळीने त्याची मान वाकडी केली.
एकीने हात असे थरथरवले
की कपातला चहा बशीत, बशीतला लुंगीवर.
एकीने त्याला बसूच दिलं नाही,
पडवीत रात्रभर पावलं, पडवीत रात्रभर पावलं.
ते मात्र बोलतच राहिले.
ते म्हणजे तिघं. दोन पुरुष, एक बाई.
बाई मालवणकडची असावी म्हणतो, हेल काढून बोलते.

आयेने कौल लावला.
देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवून
दुपार टळेपर्यंत बसलो.
उजवी पडेना. डावीही पडेना.

लोक म्हणतात, मनाचा समुद्र असतो बाई.
त्यांना समुद्र ठाऊक नाही.
समुद्राचं उधाण पंचांगात छापलेलं असतं.

परकार डॉक्टरीण म्हणाल्या, एक औषध उरलंय.
बाकी सगळी हरली की मगच काढतात ते.
पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाऊ शकतं,
म्हणून अठरा आठवडे, दर आठवड्याला रक्त.
मी विचारलं, सुटेल?
त्या पेन बंद करत म्हणाल्या,
सुटेल म्हणत नाही. सैल होईल.
जाळं विणणाऱ्या घरातली मी,
सैलचा अर्थ मला सांगावा लागला नाही.

मग दापोलीची एसटी, खिडकीशी तो,
लॅबवाल्या महाडिकांची सुई, आणि चिठ्ठी:
सहा हजार दोनशे.
मी माझ्या हिशोबात आणते. तीनशे दहा कोडी.
कौल उजवा. आठवडाभराच्या गोळ्या.

नवव्या आठवड्यात तीन हजार चारशे.
एकशे सत्तर.
डॉक्टरीण फोनवर म्हणाल्या, घाबरू नका,
शुक्रवारी पुन्हा रक्त, आणि ताप बघत राहा.
आयेला सांगितलं नाही.
रात्री तीनदा उठून त्याच्या कपाळाला हात लावला.
तिसऱ्यांदा तो अंधारातून म्हणाला,
"ताप नाय गो आक्का. ते पण मगाधरनं तेच विचारतायत."
आणि मी हसले. तोंडात पदर कोंबून हसले,
मग किती तरी वेळ ते हसणं थांबेना, आणि ते हसणं नव्हतं.

शुक्रवारी चार हजार नऊशे.

आता रक्त महिन्यातून एकदा.
तो जाड झालाय. जुने शर्ट बोहारणीला दिले.
काल माझ्याबरोबर बंदरात आला.
होडीवरून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली,
तो जागीच थांबला. मला हळूच म्हणाला,
"आक्का, ही खरी ना?"
"खरी. दामूकाका आहे बघ, निळ्या टोपीत."
तेव्हा त्याने हात वर केला.

बाई गेली का, मी विचारलं नव्हतं कधी.
त्यानेच सांगितलं, टोपली धरता धरता.
गेली नाही. लांब जाऊन बसलीय, पार खडकांपाशी.
मतलई वारा सुटला
की तिचे शब्द इथवर येत नाहीत.

मासे मोजायला मी त्याला बसवलं.
सतरा, अठरा, एकोणीस,
आणि तो थांबला. मान कलती, कान कुठेतरी.
गिऱ्हाईक खोळंबलं. माशी सरंग्याच्या डोळ्यावर बसली.
मी विसावा मासा उचलला नाही.
वाळूत हात पुसत राहिले,
वारा कुठला आहे ते बघत.